सात घरांचं पाणी एका पेजवर

काल बावखलाची चौथी पायरी उघडी पडली. ईस्टर होऊन तीनेक आठवडे झाले की ती दिसायला लागते, आणि ती दिसली की आमच्या सात घरांतली माणसं एकमेकांशी जरा जपून बोलायला लागतात. बावखल म्हणजे विहिरीहून रुंद आणि तळ्याहून लहान, वाड्यांच्या मधोमध खणलेला गोड्या पाण्याचा साठा. वसईच्या या पट्ट्यात पूर्वी अशी बरीच होती. कितीतरी बुजली, आमचं, वटार गावचं, राहिलं. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे पाणी बेताने उपसावं लागतं. घाईने ओढलं तर खालून खारं वर येतं, आणि एकदा खारं लागलं की त्या वर्षीची झाडं गेली. म्हणून पाण्याच्या पाळ्या असतात.

काल मी घरूनच ऑफिसचं काम करत होते. पडवीत पंखा, मांडीवर लॅपटॉप, एका टॅबमध्ये ऑफिस आणि दुसऱ्या टॅबमध्ये बावखलाचं पेज. पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरात एक नाव, खाली एक मोठं बटण, त्याखाली पुढच्या सहा घरांची नावं. एवढंच आहे ते. सात घरं आजही ते वापरतात. पण चौथी पायरी दिसली की मला दरवर्षी तोच एक उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात मी हे पेज बांधलं, आणि त्याच उन्हाळ्यात या पेजने फिलूमावशीची सोनचाफ्याची कलमं जवळजवळ मारली.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पप्पा सातवी, मम्मी चौथी, त्यांच्या मागे कुणाचं काय शिक्षण ते विचारायचीही पद्धत नव्हती. माझं आयटीचं डिग्री सर्टिफिकेट पप्पांनी फ्रेम करून घरातल्या आल्ताराच्या शेजारी लावलंय. पाहुणे प्रार्थनेला उभे राहिले की एक डोळा तिकडे जातोच. मला त्याची लाज वाटत नाही. लोक म्हणतात, शिकलेल्या माणसाने नम्र असावं. असावं. पण चार वाजता उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडून, त्याच हातांनी वही धरून जे शिकलेत, त्यांनी थोडा अभिमान बाळगला तर कुणाचं काही जात नाही, असं माझं मत आहे. त्या उन्हाळ्यात तो थोडा जास्तच होता, हेही खरं.

पाळ्यांचं गणित सात घरांतल्याच बस्त्यावकाकांच्या डोक्यात होतं. बावखलाच्या काठावरच्या मोटरखोलीची किल्ली त्यांच्या ओट्यावर टांगलेली असे. घरं सात. दिवसाला दोन घरांना पाणी, एकाला सकाळी, एकाला संध्याकाळी. सात ही विषम संख्या असल्यामुळे प्रत्येक घराचं पाणी साडेतीन दिवसांनी येतं, आणि एकदा सकाळी आलं की पुढच्या खेपेला आपोआप संध्याकाळी येतं. सकाळचं पाणी चांगलं की संध्याकाळचं, यावर आमच्याकडे अजूनही एकमत नाही, पण दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. हे कुणी ठरवलं ते माहीत नाही. ज्याने ठरवलं तो शाळेत गेला नसावा, आणि त्याला भागाकार फार छान येत असावा.

पण काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि विसरही पडायला लागला होता. दोन घरांना एकाच संध्याकाळी "आज तुमचं" असं त्यांनी सांगितलं, आणि मोटरखोलीच्या दारात जे भांडण झालं ते मी घरात बसून ऐकलं. घरी आमची आमची बोली चालते. ती कागदावर उतरवली तर वसईबाहेरच्या माणसाला अर्धी कळणार नाही, म्हणून इथलं बोलणं मी छापील मराठीत देतेय. त्यातल्या शिव्या मात्र छापील मराठीत बसत नाहीत, त्या सोडून देते.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना म्हणाले, "मी करते याचं काहीतरी."

"काय करणार?"

"ॲप. मोबाईलवर सगळ्यांना दिसेल, आज कुणाचं पाणी."

पप्पांनी आल्ताराकडे पाहिलं. शेजारच्या फ्रेमकडेही पाहिलं असेल. "कर," म्हणाले.

ऑफिसमध्ये मी तेव्हा एका दवाखान्याच्या टोकनचं काम करत होते. पेशंट येतो, नंबर घेतो, पडद्यावर नंबर लागला की आत जातो. जागेवर नसला तर पुढचा. ते सगळं एका जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये होतं, आणि मला त्यात गती होती. बावखलाचं पेज मी त्याच फ्रेमवर्कमध्ये बांधायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी पडवीत बसायचं. समोर कळ्या सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, मांडीवर लॅपटॉप तापलेला, आणि वीज गेली की फोनचं इंटरनेट. पहिली आज्ञा दिली की शेकडो पॅकेजं खाली उतरायला लागतात, पडद्यावर ओळींमागून ओळी धावतात. पप्पा मागे उभे राहून बघायचे.

"हे सगळं काय येतंय?"

"दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं, ते आपण वापरतो."

"मग तू काय लिहिणार?"

"उरलेलं."

"म्हणजे आमच्यासारखंच," पप्पा म्हणाले. "बावखल दुसऱ्यांनी खणलं, आम्ही आळी करतो."

हे त्यांनी मला खाली ओढायला म्हटलं की वर उचलायला, मला कळलं नाही. मी कीबोर्डवर बोटं चालवत राहिले.

या प्रकारच्या कामात सगळं तुकड्यातुकड्यांनी बांधतात. घराचं नाव दाखवणारा एक तुकडा, बटण हा एक तुकडा, किती वेळ उरला ते सांगणारं घड्याळ हा एक. आणि या सगळ्यांच्या मागे एकच जागा असते, तिथे खरी गोष्ट ठेवलेली असते: आत्ता कुणाचं पाणी, मोटर कधी सुरू झाली, पुढे कोण. तिला स्टेट म्हणतात. स्टेट बदलली की पडद्यावरचा तेवढाच तुकडा बदलतो, बाकीचं पेज जागचं हलत नाही, पुन्हा लोडही होत नाही. वाफ्याची माती पायाने सारून एकाच आळ्यात पाणी वळवावं आणि शेजारचं कोरडं राहावं, तसं. मला या रचनेचं तेव्हाही कौतुक होतं, आजही आहे. खरं एका ठिकाणी ठेवायचं आणि बाकी सगळ्यांनी तिथून वाचायचं. माझ्या लक्षात एवढंच आलं नाही, की इतकी वर्षं आमच्याकडे ही जागा बस्त्यावकाकांचं डोकं होती आणि त्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी होत्या.

मी विचारलं नाही, असं नाही. वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले होते. ते ऊन टाळून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"काका, समजा एखादा पाण्याला आलाच नाही?"

"येतो की."

"समजा नाही आला."

"का नाही येणार? पाणी सोडून जाणार कुठे?"

"पण समजा ना."

"असं होत नाही," काका म्हणाले, आणि चहा मागवला.

मला हसू आलं. ऑफिसातही असंच असतं, दवाखान्याचे डॉक्टरसुद्धा आधी म्हणाले होते की पेशंट बसलेलेच असतात, कुठे जातात. मी घरी येऊन दवाखान्याचा नियम उचलला आणि इथे बसवला. अर्ध्या तासात बटण दाबलं नाही तर पाणी पुढच्या घराचं, पुढच्या घराच्या फोनवर घंटी. चार ओळी होत्या. पाणी फुकट थांबत नाही, भांडण नाही, कुणाला विचारायला नको. मला त्या चार ओळी फार आवडल्या होत्या.

सगळ्यात आधी ते पेज वापरलं मनवेलकाकांनी. हे फिलूमावशीचे नवरे. त्यांना मूलबाळ नाही, वाडी लहान, माणूस चौकस. मी फोनवर पेज उघडून दिलं, त्यांनी चिखलाचं बोट सदऱ्याला पुसून बटण दाबलं, आणि मग तासाभराने कुंपणावरून हाका मारायला लागले.

"लीना! हे तुझं घर चुकलंय."

"काय झालं काका?"

"आत गेलो, पुढची नावं बघितली. मागे यायला गेलो तर थेट बाहेर. आपल्या गावात मागचं दार नाही असं घर दाखव मला."

चूक खरीच होती. एकाच पेजचं ॲप म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने तुम्ही कुठे गेलेलेच नसता, मग मागे जायचं बटण दाबलं की तो तुम्हाला उचलून बाहेर ठेवतो. त्यासाठी प्रत्येक खोलीला पत्ता द्यावा लागतो. मी त्याचा कंटाळा केला होता. दोन संध्याकाळी घालवून दिला. काका पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"आता जमलं," म्हणाले. "पण हे अक्षर कसलं? राखेने लिहिल्यासारखं."

तेव्हा माझ्याकडे फिकट करड्या रंगाची अक्षरं होती, ऑफिसात सगळे तशीच ठेवायचे. वाडीत एप्रिलच्या उन्हात ती दिसतच नव्हती. पिवळ्यावर काळं मी मनवेलकाकांमुळे केलं. बटणावर आधी 'पुष्टी करा' होतं, त्याचं 'मोटर चालू' त्यांच्यामुळे झालं. बटणाचा आकार वाढवला तोही त्यांच्यामुळे, कारण ओल्या बोटाचा नेम लागत नाही. ऑफिसात माझं काम तपासायला तिघं होते, पण मनवेलकाकांइतकं चोख कुणी तपासलं नाही. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही. फिलूमावशी मात्र कुंपणापलीकडून ओरडायच्या, "पोरीला सतावू नका, तुम्हाला काय येतंय त्यातलं!"

"मला काही येत नाही, म्हणूनच सांगतोय," काका म्हणायचे.

त्या वर्षी नाताळाच्या आधी त्या दोघांनी वाडीतली म्हातारी केळ काढून टाकली होती आणि सोनचाफ्याची छत्तीस कलमं लावली होती. केळ आता झेपत नाही, घड उचलायचे कुणी? चाफा वयाला बरा, सकाळी टोपली घेऊन गेलं की झालं, असा हिशोब. सगळी वाडी त्या छत्तीस कलमांवर लावलेली. कलमं गुडघ्याएवढी होती. आमची जमीन रेताड, पाणी धरत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात कलमांची मुळं वीतभरही गेलेली नसतात. साडेतीन दिवस ती कशीबशी काढतात. त्यापुढे नाही. हे सातही घरांना माहीत होतं, मलाही.

पेज सुरू झालं आणि पंधरा-वीस दिवस भांडण झालं नाही. बस्त्यावकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि डोळ्यांत थेंब घालायला सोय म्हणून विरारला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहिले. जाताना मोटरखोलीची किल्ली त्यांनी कुलपातच ठेवली. "आता तुझं राज्य," मला म्हणाले. मी त्याचा अर्थ जसा हवा तसा घेतला.

मनवेलकाका एका मंगळवारी दुपारी गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बुधवारी चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आणि मग दफन झालं. काळा चष्मा लावून, मुलीचा हात धरून बस्त्यावकाका आले, माती घातली आणि तसेच विरारला परतले. आम्ही सगळे फिलूमावशींच्या घरी प्रार्थनेला बसलो. खोलीत मेणबत्तीचा आणि घामाचा वास होता, आणि कुणीतरी आणलेल्या मोगऱ्याचा. मधेच एक फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. तो खुंटीला टांगलेल्या मनवेलकाकांच्या सदऱ्याच्या खिशात वाजत होता. त्या संध्याकाळी त्यांचं पाणी होतं. माझं ॲप त्यांना बोलवत होतं. "वाजू दे," फिलूमावशी म्हणाल्या, आणि प्रार्थना पुढे सुरू झाली.

मला तेव्हा काय वाटलं? खरं सांगायचं तर मला वाटलं की सूचना बरोबर वेळेवर गेली.

अर्ध्या तासाने पुढच्या घराला घंटी गेली. ते घर बस्त्यावकाकांचं, आणि ते नव्हते म्हणून पाणी त्यांचा मुलगा ग्लेन बघायचा. ग्लेन बँकेत नोकरीला, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, वाडीत हौसेपेक्षा कर्तव्याने जाणारा. तो दफनाच्याच कपड्यांत उठला, मोटर चालू केली आणि आपल्या वाडीला पाणी दिलं. पेजवर तसंच लिहिलं होतं: ग्लेन, तुमचं पाणी.

पुढचं घर आमचं. आमचं पाणी साडेतीनऐवजी तीनच दिवसांत आलं. मी पप्पांना म्हणाले, "बघितलं? वेळ वाया जात नाही म्हणून लवकर आलं." पप्पा पाइप खांद्यावर टाकून गेले. शनिवारी संध्याकाळी पुन्हा तेच. मनवेलकाकांचा फोन वाजून वाजून थांबला, त्यांचं पाणी ग्लेनला गेलं, सगळी रांग एक घर पुढे सरकली. कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांना पाणी आधीपेक्षा लवकर मिळत होतं, आणि फिलूमावशी वाडीत जात नव्हत्या.

सोमवारी सकाळी बस्त्यावकाका कायमचे घरी आले. ग्लेनने त्या दिवशी सुट्टी घेतली होती. ओट्यावर टेकायच्या आतच काकांनी त्याला विचारलं, ते मला नंतर ग्लेननेच सांगितलं, हसत नव्हे, मान खाली घालून.

"आपलं पाणी कधी झालं?"

"शनिवारी संध्याकाळी."

"त्याच्या आधी?"

"बुधवारी. संध्याकाळीच."

"त्याच्या आधी?"

"आदल्या रविवारी. संध्याकाळी. बरं पडतं हो, ऑफिसातून आलं की..."

"तीनदा संध्याकाळ?" काका म्हणाले. "सात घरांत तीनदा संध्याकाळ येत नाही. सहा घरांत येते. कुठलं घर खाल्लंत?"

काळा चष्मा लावलेला तो म्हातारा काठी टेकत आमच्या पडवीत आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. त्याने लॅपटॉपकडे बघितलंही नाही. "मनवेलचं पाणी कुणी सोडलं?" एवढंच विचारलं. मी पेज उघडलं. मनवेलकाकांच्या नावापुढे दोनदा 'गैरहजर' लिहिलेलं होतं. तो शब्द मीच निवडला होता.

"गैरहजर," मी वाचून दाखवलं.

"हो, ते तर आहेच," काका म्हणाले.

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांच्या मते सांगायची गोष्टच नव्हती. ज्या घरात मयत होते, ते घर महिन्याची मिस्सा होईपर्यंत वाडीत पाऊल टाकत नाही. हा काही चर्चचा नियम नाही, फादरला विचारलं तर तेही चकित होतील. हा बावखलाचा आहे. आणि त्या घराचं पाणी चुकत नाही. त्यांच्यामागून ज्याचा नंबर असतो, तो आधी त्यांच्या वाडीला पाणी सोडतो, मग आपल्या वेळेला आपलं घेतो. लग्नघर असलं तरी तेच, बाळंतपण असलं तरी तेच. म्हणून काका म्हणाले होते, असं होत नाही. पाण्याला कुणी आलं नाही असं खरोखरच कधी झालं नव्हतं. माणूस नसला तरी त्याचं पाणी हजर असायचं. लहानपणी मी पप्पांना दुसऱ्याच्या वाडीत आळी भरताना पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, मजुरीला गेले असतील. पुढे मी कॉलेजात गेले, पहाटेची गाडी, रात्रीची गाडी, आणि मधल्या वर्षांत उन्हाळ्यात कुणी वारलं नाही.

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मला वाटलं ग्लेनने सोडलं असेल."

ग्लेन म्हणाला, "मला वाटलं, ॲपमध्ये तशी सोय असेल. म्हटलं, लीनाने विचार केला असेलच."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या चार ओळी मी नंतर काढून टाकल्या. आता अर्धा तास गेला तर पेज पुढे सरकत नाही. नाव तिथेच राहतं, आणि सहाही घरांच्या फोनवर एकच प्रश्न जातो: यांचं पाणी कोण सोडतंय? कुणीतरी उत्तर देईपर्यंत सगळी रांग उभी. ऑफिसातल्या एका मित्राला मी हे अभिमानाने दाखवलं, तर तो म्हणाला, "अगं, एक माणूस अख्खी सिस्टिम अडकवून ठेवेल." म्हटलं, हो, ठेवेल. त्याला ते पटलं नाही. मला पटवायचंही नव्हतं. दवाखान्यात त्याचं बरोबरच आहे. मी आजही तिथे पुढच्यालाच आत पाठवते. फ्रेमवर्क तेच, बटण तेच. फरक कुठे आहे ते फ्रेमवर्क सांगत नाही, ते विचारायला ओट्यावर दोनदा जावं लागतं. मी एकदाच गेले होते.

फिलूमावशींची मी माफी मागितली का, असं मला एकदा मम्मीने विचारलं. मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते माहीत नाही. त्या तेव्हा कलमांचा विचार करत होत्या. आज त्यांच्या वाडीत त्या लावणीतली पंचवीस झाडं उभी आहेत, डोक्याच्या वर गेलीत. पण त्या सोमवारी मी मोजली तेव्हा जिवंत एकवीसच होती.

तो हिशोब असा. बस्त्यावकाका मोटरखोलीकडे निघाले आणि जाताना म्हणाले, सकाळचं एक पाणी झालेलं आहे, बावखल खाली आहे, आत्ता अर्धा तासच ओढता येईल, जास्त ओढलं तर खारं येईल, बाकीचं संध्याकाळी. अर्ध्या तासात आमच्या मोटरने पंधराएक आळी भरतात. ग्लेन पाइप ओढत फिलूमावशींच्या वाडीत आला. मावशी त्यांच्या मागच्या ओट्यावरून उतरून कुंपणापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांना आत येता येत नव्हतं. त्यांनी आपली कलमं मंगळवारनंतर पहिल्यांदाच बघितली, आणि तीही लांबून.

"पानं बघू नको," त्या मला म्हणाल्या. "पानं खोटं सांगतात. बुंध्याजवळ नखाने साल खरवड. आत काय आहे ते सांग."

मी पहिल्या कलमाशी बसले. पानं कडेने जळून वळली होती, माती भाजलेल्या रवाळ मिठासारखी बोटांत येत होती. नखाने खरवडलं. आत हिरवं होतं, ओलं.

"हिरवं," मी ओरडले.

"पुढचं."

"हिरवं."

"पुढचं."

"सुकं." मग पुन्हा, "सुकं."

मावशी प्रत्येक वेळी फक्त 'पुढचं' म्हणत होत्या, फादर लितानीची प्रार्थना म्हणतात तशा एका सुरात. ऊन डोक्यावर आलं होतं. मोटरखोलीकडून काकांची हाक आली, सुरू करू का, आणि ग्लेनने, थांबा, असा हात केला. रांगेच्या मधोमध एक कलम आलं, तिथे साल निघाली पण आत हिरवंही नव्हतं आणि तपकिरीही नव्हतं. पिवळसर काहीतरी, ओल आहे की माझ्याच बोटाचा घाम, तेही समजेना. मी जास्त खरवडायला गेले.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"कळत नाही."

"मग खरवडू नको. पुढचं."

अशी आणखी पाच निघाली. मी छत्तिसाव्याशी उठले तेव्हा नखांत साल भरली होती आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी कुंपणाजवळ गेले.

"एकवीस हिरवी," मी म्हणाले. "नऊ सुकी गेली."

"आणि?"

"सहा कळत नाहीत."

तोवर बस्त्यावकाका काठी टेकत तिथवर आले होते. "हिरव्यांपासून धरा," ते म्हणाले. "पंधराच भरतील. जी आहेत ती तरी हातची जायला नकोत." ग्लेनने पाइपचं तोंड पहिल्या आळ्यात टाकलं. मलाही ते बरोबर वाटलं, मीही तेच केलं असतं.

फिलूमावशींनी कुंपणाच्या खांबावर हात ठेवला होता. त्यांनी आधी ग्लेनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हिरवी आठ दिवस थांबली, ती संध्याकाळपर्यंत थांबतील," त्या म्हणाल्या. "लीना, जी कळत नाहीत त्यांना आधी पाणी घाल."